जुन्या बॅटरीची खरेदी : मीटरवर जाऊ नका

कापडाच्या धंद्यात सेकंडचा माल घेताना आम्ही थान उलगडून बघतो. काठ बघतो, डाग बघतो, मगच भाव बोलतो. बॅटरीचे थान उलगडता येत नाही. म्हणून या मालात भला जाणता दुकानदारही फसतो. आम्हीही फसलो आहोत, आणि तोच हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत.

लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठी तंबू भाड्याने देण्याचा धंदा बराच वाढला आहे. आमच्या भाच्याने तिथे थोडे तंबू टाकले. दिवे, पंखे, मोबाइल यांना वीज हवी. नव्या बॅटऱ्या भांडवलात बसेनात, म्हणून आम्ही ऑफिसच्या यूपीएसमधून निघालेल्या ४२ अँपिअर-तासांच्या सहा बॅटऱ्या एका भंगारवाल्याकडून घेतल्या. त्याने मीटर लावून दाखवला, १२.८ व्होल्ट. आम्ही खूश! पहिल्याच रात्री चार बॅटऱ्या तासाभरात बसल्या. सौदा रोखीचा, पावती नाही. तक्रार कोण ऐकणार?

नुकतीच चार्ज केलेली मेलेली बॅटरीसुद्धा चांगले व्होल्ट दाखवते. निदान रात्रभर काहीही न जोडता ठेवावी, मग मोजावे. १२.६ च्या वर असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण यावरून ती किती भरली एवढेच कळते. तिच्यात माल किती मावतो, हे कळत नाही.

ते कळण्याचा उपाय स्वस्त आहे. गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब एकत्र जोडावेत. ते मिळून सुमारे साडेतीन अँपिअर घेतात. भरलेल्या बॅटरीवर बल्ब लावून घड्याळ बघावे आणि मीटर १०.५ वर येताच बंद करावे. नऊ तास चालली तर साडेतीन गुणिले नऊ, म्हणजे सुमारे ३१ अँपिअर-तास. ४२ च्या बॅटरीत एवढे उरले असेल तर माल चांगला. दोन तासांत बसली तर ती भंगार. लगेच पुन्हा चार्ज करावी. रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्या कडक होतात आणि चांगला मालही वाया जातो.

मोठ्या यूपीएसच्या आणि टॉवरच्या बॅटऱ्या क्षमता ८० टक्क्यांवर आली की बदलण्याचा रिवाज आहे, कारण तिथे जोखीम परवडत नाही. आपल्याला मात्र उरलेला माल पुरतो. एका तंबूत ५ वॅटचा दिवा सहा तास, १५ वॅटचा पंखा आठ तास आणि दोन मोबाइल धरले तर सुमारे १८० वॅट-तास होतात. भागिले १२, म्हणजे १५ अँपिअर-तास. जुन्या बॅटरीतून निम्मेच काढावे, म्हणजे ३१ मधून साडेपंधरा. एक बॅटरी, एक तंबू, एक रात्र. दुसऱ्या दिवशी उन्हात ७५ वॅटचे सोलर पॅनल कंट्रोलर लावून ती भरून देते. चार्जिंग उघड्या हवेत करावे, कारण पेटणारा वायू निघतो. जुन्या बॅटरीला नवी जोडू नये. जुनी नवीलाही बसवते.

भावाचे म्हणाल तर आधी वजन करावे आणि त्या दिवसाचा भंगाराचा दर विचारावा. बॅटरी मेली तरी शिसे राहते, तेव्हा भंगाराच्या भावावर जे जास्त द्याल तेवढीच तुमची जोखीम. आम्ही हे विचारलेच नव्हते! लिथियमच्या मालाला असा आधार धरता येत नाही. ई-रिक्षातून निघालेले ३.२ व्होल्टचे चार सेल जोडून १२.८ होतात, वजनही हलके, पण संरक्षण सर्किट आणि लिथियमचाच चार्जर हवा. फुगलेला सेल फुकटही घेऊ नये.

कोकणातल्या खाडीत होडी चालवणारे बांधवही हीच चौकशी करतात. दिव्यापुरती सीलबंद जुनी बॅटरी चालेल. ती घट्ट बांधावी, टोकांवर टोप्या लावाव्यात, पॉझिटिव्हजवळ फ्यूज बसवावा. झाकणाची, पाणी घालायची बॅटरी होडीत नकोच. हेलकाव्याने आम्ल सांडते आणि खारे पाणी आत गेले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. इंजिन चालू करायला मात्र नवीच घ्यावी. तंबूत दिवा गेला तर गिऱ्हाईक कुरकुरते, समुद्रात इंजिन गेले तर घरचे लोक किनाऱ्यावर बसून राहतात.

मेलेली बॅटरी फोडू नये, आम्ल ओतू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवी.

आमच्या चार बॅटऱ्या वजनावर गेल्या, दोन अजून तंबूत आहेत. भाचा आता खरेदीला जाताना पिशवीत दोन बल्ब नेतो आणि एका रात्रीची तपासणी होईपर्यंत निम्मे पैसे राखून ठेवतो. काही विकणारे याला नाही म्हणतात. त्यांच्याकडून तो माल उचलत नाही.