गाठीपाशी राखलेले लाकूड : १५४५ च्या धनुष्यांचा अभ्यास

लिखित साधन आणि भौतिक साधन एकमेकांस दुजोरा देतात, असे प्रसंग इतिहासाच्या अभ्यासात थोडे येतात. इ.स. १५४५ या वर्षाने असा एक योग जुळवून दिला आहे. त्या वर्षी केंब्रिजचे विद्वान रॉजर ॲस्कम यांचे धनुर्विद्येवरील 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विद्वानांनी लॅटिनमध्येच लिहावे अशा त्या काळात ॲस्कम यांनी ते लोकांच्या इंग्रजीत लिहिले. त्याच वर्षी १९ जुलै रोजी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची 'मेरी रोज' ही युद्धनौका पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा वर काढण्यात आला. या जहाजाच्या उत्खननात १७२ धनुष्ये हाती लागली.

ही धनुष्ये यू या वृक्षाच्या एकसंध लाकडाची आहेत. आपल्या हिमालयातील थुनेर हा याच कुळातील वृक्ष होय. यूच्या खोडात सालीलगत फिकट रसकाष्ठ असते, तर आत तांबूस मध्यकाष्ठ असते. धनुष्य वाकते तेव्हा त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते; धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. रसकाष्ठ ताण सोसते आणि मध्यकाष्ठ दाब सोसते. म्हणून पाठीला रसकाष्ठ व पोटाला मध्यकाष्ठ येईल अशा रीतीने खोड निवडले जाई. इंग्लंडमध्ये चांगल्या यूचा तुटवडा होता. त्यामुळे १४७२ च्या कायद्याने परदेशी मालाच्या प्रत्येक टन-मापामागे धनुष्याचे चार दांडे आणण्याची सक्ती व्यापाऱ्यांवर केली होती.

दांडा हाती आला म्हणजे धनुष्य झाले, असे मात्र नाही. लाकूड करवतीने सरळ कापले तर त्याचे तंतू मध्येच तुटतात आणि ताण पडताच तेथून ढलपी उठते. म्हणून खोड पाचरी ठोकून फाडावे लागते, कारण फाडताना लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच दुभंगते. मग ते सावलीत सावकाश वाळवावे लागते. टोके फार लवकर वाळली तर तेथे चिरा पडतात. तासतानाही कारागीर दोरीने आखलेल्या सरळ रेषेपेक्षा तंतूंच्या वळणाला अधिक मान देतो. तंतू डावीकडे झुकले तर धनुष्यही किंचित झुकते. डोळ्याला ते वाकडे दिसते, पण ते टिकते.

खरी परीक्षा गाठीपाशी होते. फांदी फुटलेल्या जागी तंतू गाठीला वळसा घालून जातात. गाठ स्वतः शेजारच्या लाकडाइतका भार उचलत नाही. तेथे जाडी इतर ठिकाणाइतकीच ठेवली तर ती जागा दुबळी पडते. पोटावर दाबामुळे बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात, त्या खोल जातात आणि एके दिवशी धनुष्य मोडते. ॲस्कम यांनी नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे. चांगला कारागीर प्रत्येक गाठीभोवती अधिक लाकूड राखतो, असे ते सांगतात. सुरकुती नुकतीच दिसू लागली असेल तर तिच्या आजूबाजूचे लाकूड थोडे खरवडावे, असाही उपाय ते देतात. त्यामुळे वाक सभोवार वाटला जातो आणि एकाच जागेवरील भार हलका होतो.

पुस्तकातील हे विधान समुद्राच्या गाळातून वर आलेल्या धनुष्यांवर पडताळून पाहता येते. त्या धनुष्यांवर गाठींपाशी राखून ठेवलेले उंचवटे आजही स्पष्ट दिसतात. धनुष्य ओढण्यास लागणारे बळ अभ्यासकांच्या अंदाजाने १०० ते १८५ पौंड होते. एवढा ताण सोसणारे शस्त्र बनवताना कारागिराने दोष लपवला नाही, की केवळ गाठ दिसली म्हणून दांडा फेकूनही दिला नाही. दोष ओळखून त्याला लागेल तेवढा आधार त्याने दिला.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. राजाचे नाव आपणास ठाऊक आहे, ग्रंथकाराचेही ठाऊक आहे. ती धनुष्ये घडवणाऱ्यांची नावे मात्र आपणापर्यंत पोहोचलेली नाहीत. अनेक धनुष्यांवर कोरलेल्या छोट्या खुणा आहेत. त्या बहुधा कारागिरांच्या असाव्यात. तरीही ग्रंथातील ते ज्ञान मूळचे त्यांचेच आहे. ते आधी हातात होते, शाईत नंतर उतरले. राबणाऱ्या हातांना बुद्धी नसते, असे मानणाऱ्या प्रत्येक समाजव्यवस्थेला या उंचवट्यांनी दिलेले उत्तर पुरेसे आहे. साधनांचे वाचन करताना केवळ अक्षरांकडे न पाहता, तासलेल्या लाकडातील विचारही वाचता आला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, कार्यानुभवाच्या तासाला फळीवर रंधा मारताना कधी गाठ लागेल आणि पाते अडेल. तेव्हा जोर लावू नका. फळी उजेडात धरा, गाठीभोवती तंतू कोणत्या बाजूने वळले आहेत ते पाहा, आणि मगच पुढचा हात मारा.