गोळीनं दुखणं थांबतं, दुखापत नाही

कंबर धरलीय असं पुण्यात चारचौघांत नुसतं बोलून बघा. एक जण निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगतो, दुसरा आंबेहळदीचा लेप, तिसऱ्याच्या ओळखीत हमखास हाड बसवणारा असतो, आणि शेजारच्या काकूंना पायाळू माणूस आठवतो. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सगळे मनापासूनच बोलत असतात. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण उतरते, त्यामुळे त्या आठवड्यात ज्यानं पाय लावला असेल त्याला श्रेय मिळून जातं. मार लागून धरलेल्या पाठीचं तसं नाही. तिच्या बाबतीत काय सांभाळायचं, हे मला स्कूटरवरून पडल्यानंतर हळूहळू कळत गेलं.

मी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशेब बघते. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी रोजची. जूनच्या पहिल्या पावसात म्हात्रे पुलावर गाडी घसरली. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्याच सरीत ओली होते आणि रस्ता कमालीचा निसरडा होतो. वेग नव्हता, हेल्मेट होतं. दाणकन माकडहाडावर आपटले, उठले, गाडी उभी केली आणि घरी आले. त्या रात्री फारसं दुखलं नाही. सकाळी मात्र कूस बदलता येईना.

सूज कशासाठी येते

पहिल्या दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं की माणूस गोंधळतो. स्नायूंना किंवा अस्थिबंधांना इजा झाली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात, मोडतोड उचलून नेतात आणि दुरुस्तीला सुरुवात करतात. हे सगळं जमून यायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. याच वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊन मज्जातंतूंची टोकं हळवी करतात, म्हणून नुसती शिंक आली तरी पाठीत कळ येते. म्हणजे सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. ती प्रमाणाबाहेर वाढली किंवा फार काळ रेंगाळली, तर उपद्रव.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे, पण ती हेच काम करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला तो याच विषयातल्या कामासाठी. अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखऱ्या जागी नसतं. जठराचं अस्तर आम्लापासून वाचवायला तेच लागतं, आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही तेच. कंबर कुठली आणि किडनी कुठली, हे गोळीला कळत नाही.

पट्टीमागून पट्टी

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घरात ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची पट्टी होती. त्यातली एक घेतली आणि तासा-दीड तासात मी ताठ उभी. जून म्हणजे आमचा हंगाम. शाळा उघडतात, हातात याद्या घेऊन पालक दुकानापुढे दाटीनं उभे असतात, गोदामातून गठ्ठ्यांवर गठ्ठे येत असतात. दुखत नाही म्हटल्यावर गठ्ठे उचललेही जात होते. गोळीनं कळ बंद केली होती, पण दुखावलेल्या तंतूंना भरून यायला त्यांचा वेळ लागणारच होता, आणि त्या वेळात मी रोज त्यांच्यावर वजन टाकत होते. संध्याकाळी अंमल उतरला की कळ कमरेतून मांडीमागे आणि तिथून पोटरीत जायची. मग पुढची गोळी. पट्टी संपली की औषधाच्या दुकानातून नवी यायची; चिठ्ठी कुणी मागत नव्हतं.

हंगाम ओसरताना घोटे सुजायला लागले, चपलेच्या पट्ट्याचे वळ पायावर राहू लागले, रक्तदाब चढा. फॅमिली डॉक्टरांनी पाठीला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, अशी दोन औषधं आहेत. त्यांच्या जोडीला सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी आली की तिन्ही मिळून मूत्रपिंडाची कोंडी करतात. डॉक्टरांना हे त्रिकूट चांगलं ठाऊक असतं, घरातल्या औषधाच्या डब्याला नसतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. वेदनाशामक बंद केल्यावर ते पुढच्या तपासणीत खाली आलं. प्रत्येकाचं येतंच असं नाही.

या औषधांची ताकद किती, हे आपल्या आकाशानं पाहिलं आहे. 1990 च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्यानं संपत गेली. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे 2004 मध्ये सिद्ध झालं, आणि 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. गिधाडाचं शरीर या औषधापुढे माणसाच्या कैकपट नाजूक, हे खरं. तरी ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणताना हे आठवावं.

म्हणून गोळी घेताना एवढं पाळा. रक्तदाब, मधुमेह, किडनी, हृदय किंवा अल्सर यांपैकी काही असेल, रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या जातीची गोळी घेऊ नका. घेतलीत तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि जेवणानंतर. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असू शकतं, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. आणि ‘एका पुडीत गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालेलं आहे.

अहवालातले शब्द

पायातली कळ हटेना म्हणून एमआरआय झाला. अहवालात ‘डिस्क बल्ज’ आणि ‘झीज’ असे शब्द होते. घरात एकदम सुतकी शांतता. “अगं, उठूच नकोस तू, मणका सरकलाय,” सासूबाई म्हणाल्या, आणि माझी रवानगी पलंगावर झाली.

त्या शब्दांचं वजन किती धरायचं, हे फिजिओथेरपिस्टनं समजावलं. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या चित्रणांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे 60 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) फुगलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे माझ्या वयाच्या दहा धडधाकट बायकांना त्या यंत्रात घातलं, तरी निम्म्याहून जास्त जणींच्या अहवालात हाच शब्द यायचा. अहवाल तुमच्या तक्रारीशी आणि तपासणीशी जुळतो का, हे डॉक्टरांना विचारा. नुसता वाचून पलंग धरू नका.

पलंगाचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती ताडून पाहिली. सात दिवसवाल्यांना जास्त गुण आला नाही. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर परतले. पडून राहिलं की स्नायू सैलावतात आणि उठण्याची भीती वाढते. गोळीच्या जोरावर गठ्ठे उचलणं जसं घातक, तसंच कळेच्या धाकानं पडून राहणंही. कळ नाही म्हणजे इजा भरली असं नव्हे. कळ आहे म्हणजे इजा वाढतेय असंही नव्हे. पाठ सांभाळताना ही दोन्ही वाक्यं सोबत ठेवावी लागतात.

एक गोष्ट मात्र आधी करा: हाड मोडलेलं नाही ना, हे बघून घ्या. पाळी गेलेल्या बायकांची आणि वयस्कर माणसांची हाडं ठिसूळ असतात, आणि साध्या आपटण्यानंही मणका दबू शकतो. हालचालीचा सल्ला त्यानंतरचा.

मुळापासून सुरुवात

दुखापतीनंतर मुळापासून सुरुवात करण्याचं मोठं उदाहरण आपल्या शहरात आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले. मॉडेल कॉलनीतली त्यांची योगसंस्था 1975 मध्ये सुरू झाली. 1979 मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांना काही महिन्यांच्या अंतरानं दोन स्कूटर अपघात झाले आणि पाठीला, खांद्यांना मार बसला. जगाला आसनं शिकवणाऱ्या माणसाला साध्या आसनांपासून पुन्हा शिकावं लागलं, आणि सराव परत मिळवायला वर्षं गेली. दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांचा आधार घेत शरीराला झेपेल तेवढंच करायचं, ही त्यांच्या पद्धतीची ओळख आहे. मात्र याचा अर्थ दुखऱ्या पाठीनं पुस्तक बघून आसनं करावीत असा नाही. ताज्या दुखापतीत पुढे वाकण्याची आणि पिळाची आसनं जाणत्या शिक्षकाशिवाय करूच नयेत.

माझी सुरुवात कमला नेहरू पार्कातल्या सपाट वाटेवर झाली. आधी थोडं चालायचं, बाकावर टेकायचं, पुन्हा चालायचं. फिजिओथेरपिस्टनं दिलेली कसोटी अशी: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त धरलं असेल तर मात्रा निम्मी करा, तसं नसेल तर थोडी वाढवा. कळ पायातून वर सरकत कमरेशी गोळा होत असेल तर ते बहुधा चांगलं लक्षण. पायात खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा. झोपताना उताणं असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये.

शेक की बर्फ

आमच्या घरात यावर दोन तट होते. सासूबाई गरम पाण्याच्या पिशवीच्या बाजूनं, मुलगी बर्फाच्या. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावणं हे सूत्र गेब मर्किन या डॉक्टरांनी 1978 मध्ये रूढ केलं, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फानं बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. बर्फाचा उपयोग कळ बधिर करण्यापुरता. ताजा मार असेल, त्वचेखाली रक्त साकळलं असेल, तर पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं दोन्ही टाळा. हवं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरा. पुढे आखडलेल्या स्नायूंना शेकानं आराम पडतो, आणि आराम पडला की हालचाल सोपी होते. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी पिशवीचा ताप दुसऱ्याला हात लावून बघायला सांगावा. तेल हलक्या हातानं लावायला हरकत नाही, पण मार लागलेल्या मणक्यावर कुणालाही झटका देऊ देऊ नका.

इथे घरगुती उपाय थांबवा

- लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला
- बैठकीची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली
- पाऊल उचललं जात नाही, चप्पल निसटते, पायातली ताकद कमी होत चालली
- सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ आहे. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही आढळतो
- पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा स्टेरॉइड बरेच दिवस चालू आहे

पहिल्या तीन लक्षणांत त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं असतं. उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. जबर अपघातानंतर पाय हलत नसतील तर माणसाला उठवून बसवू नका, रिक्षात घालू नका. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

यंदाही जूनमध्ये दुकानात गर्दी होती. गठ्ठा आला की त्याची दोरी कापते, पुस्तकं निम्मी-निम्मी करते, गुडघ्यात वाकून पोटाशी धरून उचलते. गिऱ्हाईक घाई करतं, त्याला थांबायला सांगते. गल्ल्याजवळच्या खणात माझ्या सगळ्या औषधांची नावं लिहिलेला कागद आहे, आणि कुठल्याही दवाखान्यात गेले तरी आधी तो पुढे करते. तुमचा कागद आजच करा, पाठ धरायची वाट बघू नका.