एका लिटरला किती ऑईल? – ब्लोअरवरून गुणोत्तराचा पाठ (इयत्ता सहावी)



गुणोत्तर-प्रमाण शिकवताना आपण बहुतेक वेळा पेन्सिली, चॉकलेटं नाहीतर वर्गातल्या मुलामुलींची संख्या घेतो. मुलं उदाहरणं सोडवतात, मार्कही मिळवतात. पण वर्गाबाहेर "१:५० म्हणजे काय रे?" असं विचारलं की गाडी अडते. आमच्या जंगलालगतच्या गावांत, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, याचं चांगलं उदाहरण घराघरात माहीत आहे. पालापाचोळा उडवणारं, पाठीवर घ्यायचं पेट्रोलचं ब्लोअर.

ज्यांच्याकडे जंगल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम. सागाचा पाला गळून जमिनीवर थर झालेला असतो. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून जंगलात पट्टे साफ ठेवतात, त्यांना जाळरेषा म्हणतात. पूर्वी हे काम खराट्यानं चालायचं, आता बऱ्याच ठिकाणी ब्लोअरनं होतं. त्यात मार्च-एप्रिलला मोहफुलं पडतात, आणि फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय आहे. तिथून आग पसरते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे बाबा हंगामात फायर वॉचर म्हणून जातात. तेव्हा ब्लोअर भर एप्रिलात बंद पडलं तर काय होतं, हे मुलांना मी सांगायची गरज नाही.

आता गणिताकडे. ही ब्लोअर बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनची असतात. मोटारसायकलच्या इंजिनात ऑईल वेगळं, खालच्या भागात भरलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नसते. पेट्रोल आणि हवा इंजिनच्या खालच्या भागातूनच वर जातात, त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल हेच बेअरिंग आणि पिस्टनचं वंगण. जुनी लुना किंवा चेतक चालवलेल्या आजोबांना विचारा, पंपावर पेट्रोलसोबत ऑईल टाकून घ्यायचे ते. आजोबांना वर्गात बोलावलं तर उत्तमच.

किती ऑईल, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. १:५० असेल तर १ भाग ऑईल, ५० भाग पेट्रोल. म्हणजे १ लिटर (१००० मिली) पेट्रोलला २० मिली. १:४० ला २५ मिली, १:२५ ला ४० मिली. हा तक्ता फळ्यावर मुलांकडूनच भरून घ्या.

इथे थांबा, घाई करू नका. अर्ध्या वर्गाला वाटतं की ५० मोठा म्हणून १:५० मध्ये ऑईल जास्त. ही चूक फक्त मुलांची नाही. "इंजिन गरम होतंय, ऑईल वाढव" असं कोणी म्हटल्यावर १:२५ चं १:५० करणारी मोठी माणसंही आहेत. वाढवायला गेले आणि निम्मं करून बसले! म्हणून तक्त्याशेजारी २० मिली आणि ४० मिली रंगीत पाणी दोन सारख्या बाटल्यांत घेऊन दाखवा. (शाळेत पेट्रोल अजिबात आणायचं नाही. सगळं पाण्यावर करायचं.) दुसरी गोष्ट, १:५० म्हणजे मिश्रणाचा पन्नासावा भाग नव्हे. एकूण भाग ५१ होतात. ब्लोअरला या फरकानं काही होत नाही, पण परीक्षेत होतं.

मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मिलीच्या खुणांचं छोटं माप किंवा बिनसुईची २० मिलीची सिरिंज चालते. एका पालकांना विचारलं तर म्हणाले, "अंदाजानंच टाकतो नं मॅडम." त्यांच्या मुलीनं घरी सिरिंजनं मोजून पाहिलं, तर बाबांचं एक झाकण तिच्या हिशोबाच्या निम्मंसुद्धा भरलं नाही. तेव्हापासून कॅनमध्ये ऑईल तीच मोजून देते, असं बाबाच सांगतात.

थोडी अवघड उदाहरणं हवी असतील तर ही घ्या. ५ लिटरच्या कॅनला १:५० साठी किती ऑईल? (१०० मिली.) कॅनमध्ये १:५० चं २ लिटर मिश्रण शिल्लक आहे, वर ३ लिटर नवं पेट्रोल टाकलं, तर ऑईल किती? बरीच मुलं १०० म्हणतात, उत्तर ६० मिली. आणि कोणी २ लिटर पेट्रोलला चुकून ८० मिली टाकलं, तर ते १:५० करायला आणखी किती पेट्रोल? (२ लिटर.)

आता पैसे. गणितासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर, ऑईल ४०० रुपये लिटर धरू. तुमच्या गावचे भाव घाला. पाठीवरच्या मोठ्या ब्लोअरची टाकी साधारण दीड लिटरची, आणि पूर्ण रेस दिली तर तासाभरात संपते. एका टाकीचं पेट्रोल १५७.५० रुपये, ऑईल ३० मिली, म्हणजे १२ रुपये. ऑईल टाकलंच नाही तर वाचले १२ रुपये, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. पिस्टन-सिलिंडर बदलायचा खर्च ५००० रुपये धरला तर ५००० ÷ १२, म्हणजे ४१६ टाक्यांचं ऑईल. रोज ३ टाक्या धरल्या तर १३८ दिवस. हंगाम मोजा: १२१ दिवस. हा भागाकार मुलांना स्वतः करू द्या, फळ्यावर उत्तर लिहून देऊ नका.

जास्त ऑईलनंही नुकसान होतं, पण हळूहळू. धूर वाढतो, प्लग काळा पडतो, धुराड्याची जाळी काजळीनं बुजते आणि हवेचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की मिस्त्रीकडे नेण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: एअर फिल्टर, प्लग आणि ही जाळी. धुळीत काम असल्यानं बहुतेक वेळा फिल्टरच भरलेला असतो, तो साफ करायला खर्च शून्य. (जोरावरून आठवलं. नळीच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ९० मीटर धरा आणि त्याचे ताशी किलोमीटर करायला द्या. ३२४ उत्तर आलं की मुलं आपलं चुकलं समजून परत सोडवतात.)

पालकांसाठी दोन गोष्टी. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, आणि आगीच्या जवळ भरायचं नाही. एवढ्या आवाजाच्या मशीनला कानात बोळे किंवा कानावर मफ हवेतच.

आणि जूनमध्ये ब्लोअर ठेवून देताना टाकी रिकामी करा, मग उरलेलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि त्यानं कार्बोरेटरमधल्या रबरी पडद्याला त्रास होतो. मिश्रणही महिनाभराला पुरेल एवढंच करायचं. त्यावरून गृहपाठ: रोज ३ टाक्या, महिन्यात २४ दिवस काम, टाकी १.५ लिटर. महिन्याला पेट्रोल किती आणि १:५० नं ऑईल किती? उत्तर १०८ लिटर आणि २१६० मिली. कोणाचं वेगळं आलं तर मिलीचं लिटर करताना कुठे घसरलं ते आधी बघा.