घरी इंग्रजी येत नसलं तरी

पालकहो, सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतोय. 31 ऑक्टोबर 2026 ला त्याचं ध्वजारोहण आहे. त्र्यंबकची अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 12 सप्टेंबर 2027 ला, म्हणजे शाळेच्या ऐन पहिल्या सत्रात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीलाच गावात पाय ठेवायला जागा नसते, मग पर्वकाळात अंजनेरी, पहिने, वेळुंजेकडच्या मुलांनी शाळेत पोचायचं कसं? सुट्टी किती दिवसांची ते प्रशासन ठरवेल. पण त्या दिवसांत इंग्रजीचा तास फोनवर घ्यावा लागेल, असं मी, तुमच्या मुलांची इंग्रजीची शिक्षिका, धरून चालले आहे. ज्यांची मुलं तेव्हा दहावीत असतील, त्यांच्याशी आत्ताच बोलायला हवं.

फोनवरची शाळा आपण एकदा पाहिली आहे. मार्च 2020 नंतरचे करोनाच्या टाळेबंदीचे दिवस तुम्हाला आठवत असतील. मंदिर बंद, पूजा बंद, फुलं-प्रसादाची दुकानं बंद. घरात पैसा नाही आणि शाळा म्हणते, मोबाइल घ्या, रिचार्ज मारा. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. राज्यात नववी-दहावीचे वर्ग भरायला परवानगी मिळाली ती 23 नोव्हेंबरपासून, आणि पुढे ते पुन्हा बंद झाले. 2021 ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला 99.95 टक्के. पेढे वाटले, ते योग्यच होतं; पोरांनी कमी सोसलं नव्हतं. पण त्यातली कित्येक मुलं अकरावीत गेल्यावर इंग्रजीचा एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला घाबरत होती.

इतिहासाचा धडा मूल एकटं वाचून समजून घेऊ शकतं. इंग्रजीचं तसं नाही. ती आपल्या घरात, बाजारात, शेतावर कुठेच कानावर पडत नाही. वर्गात मी मुलांच्या ओठांकडे बघते, कोण अडखळलं ते लगेच कळतं. ऑनलाइन तासाला समोर नुसते काळे चौकोन असतात आणि माइक बंद. वहीचे फोटो येतात, पण दहा वह्यांत एकच उत्तर, गाइडमधून जसंच्या तसं उतरवलेलं. अक्षर सुंदर, शिकणं शून्य.

टाळेबंदीच्या काळात उपयोगी पडलं ते अगदी साधं होतं. मी ‘कुमारभारती’तला एक परिच्छेद माझ्या आवाजात वाचून व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. मुलांनी तो ऐकायचा आणि स्वतः वाचून आवाज परत पाठवायचा. व्हिडिओला लागणारी रेंज आपल्याकडे पावसाळ्यात मिळत नाही, आवाजाची फाइल मात्र निघून जाते. पाड्यावरची एक नववीतली मुलगी घरात वाचून ठेवायची आणि संध्याकाळी टेकाडावर जाऊन पाठवायची. मागे पत्र्यावर पावसाचा ताशा, मध्येच शेळी ओरडायची. ‘वॉकेड’ म्हणाली, मी ‘वॉक्ट’ म्हणून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद पुन्हा आला, ‘वॉक्ट’ बरोबर, आणि या वेळी पूर्णविरामाला थांबलीसुद्धा. तिच्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण ती शेजारी बसून ऐकायची आणि नात अडखळली की म्हणायची, ‘परत वाच गं.’

तुमच्यापैकी बरेच जण मला सांगतात, ‘मॅडम, आम्हाला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, आम्ही काय लक्ष देणार?’ ताई, दादा, त्या आजीनं जे केलं तेवढंच करा. रोज पंधरा मिनिटं मुलाला मोठ्यानं वाचायला लावा आणि जवळ बसा. चुका मी दुरुस्त करीन. वाचताना आवाज कुठे बारीक होतो, मूल कुठे गडबडीनं पुढे पळतं, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. दहावीला 80 गुण लेखी असतात आणि 20 तोंडी-श्रवणाचे. लेखीसाठी डायजेस्टं मिळतात, जीभ वळायला मात्र दुसरा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. घरात एकच फोन असला की तो आधी मुलाच्या हातात जातो. मुलगी भांडी घासते, पाणी भरते, आणि तिचा तास निघून जातो. तिची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेत तिला काम सांगू नका. द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जाणार असाल, तर पुस्तक सोबत न्या. आवाज तिथूनही पाठवता येतो.

फोन बाबांबरोबर कामावर जात असेल आणि रात्री आठलाच घरी येत असेल, तर तसं मोकळेपणानं कळवा. रिचार्ज परवडत नसेल तेही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साध्या कॉलवर चार मुलं एकत्र घेऊन मी वाचन घेईन. आणि हे सगळं सिंहस्थापर्यंत लांबवू नका, आज संध्याकाळपासूनच मुलांना वाचायला बसवा.