खरवडलेलं डांबर टाकताय? आधी खालची माती बघा

रस्त्यावर नवा थर टाकायचा असला की मिलिंग मशीन जुना थर खरवडतं आणि काळा चुरा हायवात भरून बाहेर पडतो. खडीपेक्षा स्वस्त मिळाला तर वस्तीचा रस्ता, गोडाऊनचं आवार, शेडपुढचं अंगण यांसाठी लोक तो घेतात. माल वाईट नाही. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आम्हाला पहिल्याच पावसाळ्यानं शिकवलं.

वर्गणी काढून आम्ही वस्तीच्या रस्त्यावर हा चुरा टाकून घेतला. माल देणाऱ्यानं सांगितलं होतं, "पसरायचं, रोलर फिरवायचा, उन्हानं आपोआप डांबरी रस्ता होतो." उन्हाळाभर तसंच वाटलं. धूळ बसली, मोटारसायकली विनासायास धावू लागल्या. आषाढात चाळीतला कांदा भरून ट्रॉल्या निघाल्या आणि चाकोऱ्या पडल्या. चाकाखाली चुरा खचत गेला, काळी माती वर येत गेली. दुरुस्तीच्या वेळी आडवा चर खणून पाहिला, तेव्हा चुरा आणि माती यांचा एकच काला झालेला दिसला. दोन्हींच्या मध्ये मुरमाचा थर नव्हताच.

उन्हानं डांबरी रस्ता का होत नाही, हे समजून घ्या. प्लांटमध्ये खडी आणि डांबर 150 अंशांच्या आसपास तापवून मिसळतात. तेव्हा डांबर पातळ होऊन खडीला धरतं. आपल्याकडे मे महिन्यात काळा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापतो. शिवाय चुऱ्यातलं डांबर वर्षानुवर्षं ऊन-हवा खाऊन कडक झालेलं असतं. ते थोडंफार चिकटतं, नव्यासारखं बांधत नाही. मोठ्या रस्त्यांवर जुना माल पुन्हा वापरतात, तेव्हा त्यात नवं डांबर, इमल्शन किंवा फोम बिटुमेन घालतात. इंडियन रोड्स काँग्रेसची 2015 सालची आयआरसी 120 ही मार्गदर्शिका याच विषयाची आहे. नुसता पसरलेला चुरा म्हणजे धूळ न उडणारी खडी, एवढंच धरून चाला.

म्हणून पैसा आधी पायात घाला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरची मऊ माती काढा, दगडाचं सोलिंग करा, त्यावर मुरूम पाणी मारून दाबा. शक्य असेल तर मातीवर आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. माती वर येणं त्यानं थांबतं. चुरा येतो तो यानंतर.

दोन्ही बाजूंना चर हवाच, आणि त्याचं पाणी नाल्यापर्यंत गेलं पाहिजे. दहा फुटी रस्त्याचा मध्य कडांपेक्षा दोन इंच तरी उंच ठेवा. पाणी साचलं की कुठलाही थर टिकत नाही.

चुरा एकदम फूटभर ओतू नका. चार-पाच इंचांचा थर घ्या, हलकं पाणी मारा आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी जड रोलरनं दाबा. डांबर मऊ असतं तेव्हाच कण एकमेकांत नीट बसतात. मोठी ढेकळं आधी फोडा किंवा चाळून बाजूला काढा. चुरा धरावा म्हणून वर डिझेल किंवा रॉकेल शिंपडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यानं डांबर विरघळतं आणि जमीन खराब होते.

माल घेताना मूठभर चुरा बादलीत ढवळून पाहा. पाणी गढूळ झालं तर तो नुसत्या मिलिंगचा नाही. जेसीबीनं उखडताना माती मिसळलेली आहे. माल कुठल्या रस्त्याचा, हे विचारा आणि चलन मागा. सरकारी रस्त्यावरून परस्पर उचललेला माल अंगाशी येऊ शकतो.

घराच्या जोत्यात किंवा शेडच्या खांबांखाली हा भराव कधीच नको. सततच्या वजनाखाली डांबर लागलेले कण हळूहळू सरकत राहतात. जोतं खचतं, भिंतीला तडे जातात. विहीर आणि पाणवठ्यापासूनही तो लांब ठेवा. जुन्या काळी रस्त्यांना कोळशापासून काढलेलं डांबरही वापरलं जाई आणि त्यात आरोग्याला घातक द्रव्यं असतात.

वर्गणी कमी पडत असेल तर एका वर्षी सोलिंग, मुरूम आणि चर एवढंच करा. तो रस्ता एक पावसाळा नीट काढू द्या, कुठे खचतो ते पाहून भरून घ्या, आणि चुरा पुढच्या उन्हाळ्यात आणा.