एका हाताचे टंकलेखन

समजा, सायकलवरून पडून तुमचे उजवे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि विज्ञान-प्रकल्पाचा अहवाल तर आठवड्याभरात संगणकावर लिहून द्यायचा आहे! एक हात मोकळा आहे, तेव्हा वेग निम्मा राहील असे तुम्हांला वाटेल. पण पहिल्या दिवशी तो त्याहूनही बराच कमी भरतो. असे का व्हावे?

दोन हातांनी टंकलेखन करताना एका हाताचे बोट कळ दाबत असते, त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट पुढच्या कळेकडे निघालेले असते. एक हात अडकला की ही सोय जाते. शिवाय अंतरही वाढते. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. ‘काका’ हा शब्द घ्या. ‘क’ आहे इंग्रजी ‘के’च्या कळेवर आणि काना ‘ई’च्या कळेवर. दोहोंत अंतर सुमारे १० सेंटिमीटर. एकाच बोटाने हा शब्द उमटवायचा तर त्या बोटाला तीनदा ये-जा करावी लागते, म्हणजे ३० सेंटिमीटर प्रवास झाला!

यावर उपाय आहे. डावा हात कळफलकाच्या मध्यावर आणा. करंगळी ‘एफ’वर, अनामिका ‘जी’वर, मधले बोट ‘एच’वर आणि तर्जनी ‘जे’वर ठेवा. ‘एफ’ व ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटे असतात. त्यामुळे न पाहताही जागा सापडते. आता ‘क’ तर्जनीने आणि काना करंगळीने दाबा. तळहात फारसा हलत नाही, हे लगेच लक्षात येईल.

शिफ्टसह दुसरी कळ दाबणे एका हाताला अवघड जाते. विंडोज प्रणालीत शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली, की ‘स्टिकी कीज’ची सोय सुरू करायची का, असे संगणक विचारतो. मग त्या कळा एकीपाठोपाठ एक दाबल्या तरी चालते.

१९९३ साली कॅनडातील संशोधकांनी एक मजेदार युक्ती प्रसिद्ध केली. अंतराची लांब कळ अंगठ्याने दाबून धरली, की कळफलकाच्या एका अर्ध्या भागावर दुसऱ्या भागातील अक्षरे आरशातल्याप्रमाणे उलट क्रमाने उमटत. उजव्या तर्जनीचे अक्षर आता डाव्या तर्जनीकडे आले. दोन हातांनी सफाईने टंकलेखन करणाऱ्यांनी या पद्धतीने सुमारे ८ तासांच्या सरावात आपला निम्मा वेग गाठला. यावरून काय दिसते? कौशल्य केवळ बोटांत नसते, ते मेंदूत असते. म्हणून एका हाताचे शिक्षण दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

मात्र एकट्या हातावर दुप्पट भार पडतो, हे विसरू नका. मनगट सरळ ठेवा, मधूनमधून विश्रांती घ्या आणि हात दुखू लागल्यास डॉक्टरांना सांगा. प्लास्टरमधील बोटांनी कळा दाबण्याचा मोह टाळा.

करून पाहा : एकच उतारा रोज ५ मिनिटे डाव्या हाताने टंकित करा. उमटलेले शब्द मोजून दहा दिवसांचा आलेख काढा. आलेखाची रेषा सुरुवातीला कशी चढते व पुढे कशी चढते, ते नीट पाहा. तुमचा मेंदू कसा शिकतो, त्याचेच ते चित्र आहे!