दुकानातील शर्यतीच्या गप्पा : मालकाने व कारागिराने काय पाळावे

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा झाली की तेथून थेट वैशाखापर्यंत सातारा-सांगली भागात गावोगावच्या यात्रांतून बैलगाडी शर्यतींची मैदाने होत राहतात. कापड दुकानातील सेल्समन, विट्याचा यंत्रमाग कामगार, शिलाई करणारा कारागीर, यांच्यापैकी कोणाच्या तरी दारात खिल्लार असते. त्याच्या नसले तर मामाच्या दारात असते. आपल्या समाजातही बैलाचे शौकीन कमी नाहीत. मैदानाच्या दुसऱ्या दिवशी ठाणांच्या घड्या घालता घालता बोलणे निघतेच : आदत कोणाचा पळाला, फज्जा आधी कोणी गाठला, कोणाची जोडी मोडली. या गप्पांचे काय करावे असे आम्हास बरेच दुकानदार विचारतात.

हा शौक वादाचा का झाला, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केंद्र सरकारने २०११ साली बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली आपला कायदा केला, पण मैदाने रीतसर सुरू झाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि बैलाला मारणे, टोचणे, विजेचा झटका देणे हा गुन्हा आहे. तेव्हा "शर्यत बेकायदा आहे" म्हणून कामगाराला दटावणारा मालक आज चुकीचे बोलतो, आणि "आता सगळे मोकळे झाले" म्हणणारा कामगारही चुकीचेच बोलतो.

आता दीनचा प्रश्न. उर्दूत 'शर्त' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, अट आणि पैज. आपला व्यापार पहिल्या अर्थावर चालतो, दुसऱ्या अर्थाने बुडतो. कुरआनच्या सूरह माइदामध्ये जुगार हा दारूच्या रांगेत बसविला आहे, त्यात शंकेला जागा नाही. पण बैल पाळणे, त्याला खाऊपिऊ घालणे, तो पळताना पाहून खूश होणे हा जुगार नव्हे. हदीसमध्ये उंट, घोडा व तीरंदाजी यांच्या स्पर्धेतील बक्षिसाचा उल्लेख येतो, बैलाचा येत नाही. म्हणून आपली जोडी उतरविणाऱ्याने बक्षीस घेण्यापूर्वी आलिमांना विचारावे. विचारताना बक्षिसाचा पैसा कोठून येतो तेही सांगावे. कोणी देणगीदाराने दिलेले बक्षीस वेगळे, आणि उतरणाऱ्या सर्वांकडून गोळा केलेली रक्कम जिंकणाऱ्याने उचलणे वेगळे. फिकहमध्ये हा फरक मोठा मानतात. जनावराच्या तोंडावर मारू नये, त्याच्या ताकदीबाहेर काम घेऊ नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तर सर्वांस ठाऊक आहे.

परंतु दुकानात भांडण होते ते फतव्यावरून होत नाही, टोमण्यावरून होते. आमच्या पाहण्यातील एका दुकानात एक जुना सेल्समन आपल्या खोंडाचा फोटो सर्वांना दाखवीत होता. शेजारचा आपला तरुण म्हणाला, "दादा, मुक्या जनावराला पळवून पळवून मारता आणि वर फोटो काढता?" दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाई, बकरीदला मी काही बोललो होतो का?" दोन वाक्यांत बैल बाजूला राहिला आणि दोन समाज काउंटरवर समोरासमोर उभे राहिले. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे ही शेतकऱ्याची अडचण आणि खाटीक बांधवांची रोजी गेल्याचे दुःख, दोन्ही तेव्हापासून मनात खदखदत आहेत. अशा दिवसांत बैलाविषयी आपल्या माणसाने बोललेला शब्द दुपटीने जड होतो. त्या तरुणाची जनावराविषयीची कळकळ खरी असेलही, पण सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडविण्यास जी मनाई आहे ती कळकळीच्या माणसालाही लागू आहे. त्याला सांगायचेच होते तर दादांना बाजूला घेऊन, खोंडाला पराणी लावता का, एवढे विचारता आले असते. पुष्कळ शौकीन स्वतःच पराणीच्या विरुद्ध असतात. बैल त्यांच्या घरात पोरासारखा वाढलेला असतो.

काही मालक यावर सोपा उपाय काढतात : शर्यतीचे नावच काढायचे नाही. आम्हास तो पटत नाही. ज्या दुकानात शौकाची चेष्टा होते किंवा मनाई असते, तेथील नोकर मैदानाच्या दिवशी आजी आजारी पाडतो. बंदीच्या वर्षांत अशा आज्या फार झाल्या! जेथे बोलण्यास मोकळीक आहे तेथे तोच माणूस सरळ सुट्टी मागतो. खोट्याची सवय सुट्टीपुरती राहत नाही. ती मापाच्या मीटरपर्यंत पोचते. म्हणून बोलू द्यावे, पण दुकानात पैज लावू देऊ नये, मग ती चहाची का असेना.

वेळेचा हिशेब मात्र कामाप्रमाणे वेगळा आहे. मीटरवर मजुरी घेणारा विणकर गप्पांत रमला तर नुकसान प्रथम त्याचे स्वतःचे; ताण्याची तार तुटलेली दिसली नाही आणि कापडात दोष गेला तर मग मालकाचेही. महिन्याच्या पगारावरील सेल्समनचा वेळ मात्र अमानत आहे. गिऱ्हाईक पोलक्याचा कपडा हातात घेऊन उभे आहे आणि हा मोबाईलवर मैदानाचे थेट प्रक्षेपण पाहतो आहे, हे चालणार नाही. चहाच्या वेळी पाहावे.

पैशाच्या बाबतीत मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. पगार ही त्याची कमाई आहे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्या हा आदेश, तो पैसा तुम्हाला न आवडणाऱ्या शौकावर जाईल म्हणून थांबत नाही. उचल ही गोष्ट निराळी. ते कर्ज आहे. कशासाठी हवी हे विचारण्याचा हक्क आहे आणि पैजेसाठी असेल तर नाही म्हणण्याचाही. पेंड-सरकीसाठी मागितली तर नाही म्हणताना आम्ही तरी दोनदा विचार करू. आणि एखादा पैजेत अडकल्याची खात्री झाली, तर गल्ल्याची किल्ली त्याच्याकडून गाजावाजा न करता काढून घ्यावी, ठाणांच्या कामावर घालावे, पगार तोच ठेवावा. निव्वळ बैल पाळतो म्हणून कोणावर असा संशय घेणे हा जुलूम होय.

चैत्र-वैशाखात यात्रा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, आणि कापडवाल्याची वर्षाची मोठी कमाई त्याच दिवसांची असते. यासाठी गुढीपाडव्यापूर्वीच दुकानात एक कॅलेंडर टांगावे. ज्याचा बैल पळणार असेल त्याने आपल्या मैदानाची तारीख त्यावर लिहावी, ईद आली तर आपल्या माणसांनी आपली लिहावी, आणि त्या दिवशी एकाचे काउंटर दुसऱ्याने सांभाळावे. लग्नाचा बस्ता बांधायला कुटुंब येणार असेल तर ती तारीख मालकाने लाल शाईने लिहावी. त्या दिवशी कोणालाच सुट्टी नाही, मालकाच्या मुलालाही नाही.